जुना ब्राउझर आणि पेढीचा व्यवहार

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर वा घोडेगावच्या बाजारपेठेत किराणा, कापड, बी-बियाणे किंवा भांड्यांची पेढी चालविणाऱ्या कुटुंबाचा हिशेब आता केवळ रोजमेळ आणि खतावणीत मावत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. तेव्हापासून विवरणपत्र, ई-वे बिल आणि बँकेचा भरणा यांसाठी पेढीवरील संगणक आवश्यक ठरला. मात्र हा संगणक पुष्कळदा जुना असतो. चालते आहे तोवर वस्तू टाकू नये, ही व्यापाऱ्याची काटकसर योग्यच आहे. फक्त तिची मर्यादा कोठे संपते, हे जाणले पाहिजे.

ज्या प्रणालीतून संकेतस्थळ उघडते तिला ब्राउझर म्हणतात. वजनकाटा दुकानात व्यवस्थित दिसत असला तरी ठरावीक मुदतीने त्याची पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. ब्राउझरचेही तसेच आहे. चोरांना नव्या फटी सापडत राहतात आणि निर्माते त्या बुजवीत राहतात. निर्मात्याने हे काम थांबविले की ब्राउझर पूर्वीसारखाच उघडतो, परंतु नंतर सापडलेल्या फटी तशाच उघड्या राहतात. बाहेरून फरक दिसत नाही, हाच खरा धोका होय.

मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर १९९५ साली आला. पुढे अनेक वर्षे कार्यालयांचे कामकाज त्यावरच चालले. डिजिटल स्वाक्षरी लागणारी काही जुनी संकेतस्थळे तर केवळ त्यातच उघडत. १५ जून २०२२ रोजी विंडोज १० वरील त्याची सेवा समाप्त झाली. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला होता आणि त्यावर चालणारी गूगल क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही होय. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

आपला ब्राउझर कोणत्या आवृत्तीचा आहे, हे पाहणे अवघड नाही. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबावेत, ‘हेल्प’मध्ये जावे आणि ‘अबाउट गूगल क्रोम’ निवडावे. आवृत्तीचा क्रमांक तेथे दिसतो. नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास ती आपोआप उतरते, त्यानंतर ब्राउझर एकदा बंद करून पुन्हा उघडावा लागतो. आवृत्ती १०९ वरच अडकली असेल, तर दोष ब्राउझरचा नसून त्याखालील विंडोजचा आहे, असे समजावे.

एखादे संकेतस्थळ वाचताना ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा’ अशी पाटी अकस्मात झळकली, तर तेथे कदापि दाबू नये. फसवणूक करणारे हीच युक्ती योजतात. अद्ययावत करायचे ते ब्राउझरच्या स्वतःच्या यादीतूनच.

जुन्या संगणकावर आणखी एक अडचण वारंवार येते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा उमटतो. अशा वेळी प्रथम संगणकाची तारीख पाहावी. आतील नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत जुळेनाशी होते. बॅटरी बदलून तारीख नीट लावली की बहुधा काम होते. तारीख बरोबर असूनही इशारा कायम राहिला, तर तो ओलांडून बँकेच्या पानावर जाऊ नये.

काही कामासाठी इंटरनेट एक्सप्लोररच हवा असेल, तर जुना संगणक जपून ठेवण्याचे कारण नाही. मायक्रोसॉफ्ट एजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’ या विभागात इंटरनेट एक्सप्लोरर मोडला अनुमती देता येते. त्यानंतर ते संकेतस्थळ जुन्या पद्धतीने उघडते. ही नोंद ३० दिवस टिकते, नंतर ती पुन्हा करावी लागते. ही सवलत त्या एका संकेतस्थळापुरतीच ठेवावी.

नवा संगणक घेणे लगेच शक्य नसेल, तर कामांची वाटणी करावी. जुन्या यंत्रावर इंटरनेट न जोडता हिशेब लिहावा, पावत्या छापाव्यात. बँक, कर आणि डिजिटल स्वाक्षरी यांसाठी मात्र अद्ययावत यंत्रच वापरावे. जुन्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाकावेत आणि नव्या यंत्रावरून ते बदलावेत. हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो संगणकापासून वेगळा ठेवावा.

इतके करूनही खात्यातून रक्कम गेल्याचे आढळले, तर घरात चर्चा करीत बसू नये. तत्काळ बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी अडविता येणे, हे तक्रार किती लवकर पोचते यावर अवलंबून असते. हा क्रमांक गल्ल्याजवळ लिहून ठेवावा आणि पेढीवर बसणाऱ्या मुनीमजींना व घरातील मुलांनाही सांगून ठेवावा.