सवडीचा अभ्यास

परीक्षेचा अभ्यास घड्याळ लावून करावा लागतो. भाषेचा अभ्यास मात्र सवडीने केला तरच अंगी लागतो, असे माझे इतक्या वर्षांच्या मास्तरकीनंतरचे मत आहे. आमच्या शेजारच्या एक गृहिणी मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास करतात. त्यांनी विचारले, "सर, घरच्या कामांत दिवसाला एकच पान होते. कसे व्हायचे?" मी म्हटले, "ताई, पानही राहू द्या. एसटीतून जाताना गावांच्या पाट्या वाचा. आठवड्याला एक शब्द पुरे."

त्यांनी वही घातली. पहिला शब्द 'बुद्रुक'. मूळ फारसी 'बुजुर्ग', म्हणजे थोरला; 'खुर्द' म्हणजे धाकटा. पुण्याजवळची दोन आंबेगावे ही अशीच भावंडे. पुढच्या आठवड्यात अरबी 'कसबा' आला : आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे व कारभाराचे ठिकाण. मग कोकणातल्या गावाच्या वाड्या, पालघरकडचा आदिवासी पाडा, बंजाऱ्यांचा तांडा, शेतात राहायला गेलेल्या चार घरांची वस्ती. सावंतवाडीने मात्र त्यांना चकवले; नावाने वाडी आणि कारभाराला नगरपरिषद! जनगणनेचा हिशेब याहून रुक्ष. नगरपालिका नसलेल्या गावाला 2011 साली शहरात बसायचे, तर वस्ती किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला 400 माणसे, आणि कामकरी पुरुषांपैकी निदान 75 टक्के शेतीबाहेरच्या उद्योगात हवे होते.

मग 'वाडा' आला आणि वही थबकली. सरदारांचा चौसोपी तो वाडा, अन् गावकुसाबाहेर जातीच्या नावाने ओळखला जाणारा तोही वाडाच. अशी जातिवाचक वस्तीनावे बदलून समतानगर, भीमनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. बाईंनी या एका शब्दाला तीन आठवडे दिले. शेवटी म्हणाल्या, "माहेरी असताना हे नाव मी पत्ता सांगावा तसे सांगत असे. तिथे राहणाऱ्यांना ते कसे ऐकू येत असेल, हे कधी मनातच आले नाही."

नाव बदलले म्हणून पाणवठा जवळ येत नाही, हे खरे. पण पत्ता सांगताना कोणाची मान खाली जाऊ नये, हेही थोडे नव्हे.

वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा वेशीवरची पाटी सावकाश वाचा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, "आपल्या आळीला हे नाव कोणी दिले?" उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल. पुढची दिवाळी आहेच.