एका घासानं काय होतंय?

करकंब म्हटलं की सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला बाजार आमटी आठवते. बाजाराला आलेले व्यापारी थोड्या थोड्या डाळी एकत्र करून ही आमटी शिजवायचे, असं सांगतात. तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद, वरून काळा मसाला आणि लाल तर्री. ताटात ज्वारीची भाकरी कुस्करायची आणि आमटी ओतायची. माझ्या भाचीचा मुलगा याच गावात वाढतोय. त्याला सीलिअॅक आहे. ही आमटी आणि ही भाकरी तो पोटभर खाऊ शकतो, फक्त फोडणीतला हिंग तपासावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सीलिअॅक म्हणजे गव्हाची साधी अॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ज्यांच्या अंगात या आजाराची प्रवृत्ती आहे त्यांच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मग मूल खातं, पण अंगी लागत नाही. पोट फुगतं, हातपाय काड्या राहतात, उंची खुंटते. काहींना जुलाब अजिबात नसतात. नुसता पंडुरोग असतो आणि लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. आमच्या पोराचं असंच होतं. ‘हडकुळा आहे, बापावर गेलाय’ यातच त्याची काही वर्षं गेली.

निदान झालं तेव्हा आम्हाला वाटलं, हा तर ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच जिल्ह्यात पिकते. चपाती बंद करू, भाकरी देऊ, झालं. पण अडचण ताटात नव्हती, गिरणीत होती. गिरणीवाला आधी कुणाचे तरी पाच किलो गहू दळतो आणि त्याच दगडांतून आमची ज्वारी काढतो. भाकरीचा तवा आणि चपातीचा तवा एकच, परातही एकच. शंकरपाळ्या तळलेल्या तेलातच भजी. डबाबंद खाद्यपदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं असेल तर आपल्या देशातल्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. गव्हानंतर लगेच दळलेल्या ज्वारीचा तिथं काय निभाव लागणार?

आणि गिरणीहून मोठी अडचण म्हणजे माणसं. प्रेमानं वागणारी, जीव लावणारी माणसं. सत्यनारायणाचा शिरा, होळीची पोळी, बारशाचा केक. ‘एका घासानं काय होतंय? देवाचं आहे, बाधत नाही.’ भाचीच्या सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. नातवाला प्रसाद नाकारायचा हे त्यांना पापासारखं वाटत होतं. मला त्यांचा राग येत नाही. पण एका घासानं होतं. तो घास खाऊन पोर त्या दिवशी रडलं नाही तरी आतडं पुन्हा सुजतं, आणि असे घास आठवड्याला दोन झाले की पथ्य पाळूनही वजन वाढत नाही. या आजारावर औषधाची गोळी नाही. जन्मभराचं पथ्य हाच उपचार, आणि जन्मभराचं पथ्य एकट्या आईच्या बळावर निभत नाही.

उत्तर भारतात हे दुखणं पुष्कळांना ओळखीचं आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून जास्त, तर दक्षिणेत हजारात साधारण एक असं प्रमाण आढळलं. या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. मोठा फरक होता तो रोजच्या गव्हात. दिल्लीत 2006 पासून आहारतज्ज्ञ इशी खोसला यांची सीलिअॅक सोसायटी ऑफ इंडिया काम करते आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या भाकरी होती, म्हणून हा आजार फारसा दिसला नसावा, आणि म्हणूनच त्याची माणसंही एकत्र आली नाहीत. आता चपाती रोजची झाली, डब्यात बिस्किटं आली, रेशनवर गहू आला. आजार पुढं येतो आहे आणि सोबत मात्र नाही, अशा मधल्या काळात आपण आहोत असं मला वाटतं.

गहूच कारण आहे हे जगालाही उशिराच कळलं. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्याच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खंगली. 1950 साली त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. पुढं 1968 मध्ये ब्रिटनमध्ये रुग्णांची संघटना उभी राहिली, तीही स्वतः सीलिअॅक असलेल्या एका माणसाच्या पुढाकारानं. पीटर बेनेन्सन त्याचं नाव. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलची सुरुवात करणारा तोच. जगभरातल्या राजकैद्यांसाठी पत्रं लिहवून घेणाऱ्या माणसाला आपल्या ताटासाठीही सोबती शोधावे लागले, हे वाचून मला फार धीर आला.

भाचीला सोबत मिळाली ती सोलापुरात, डॉक्टरांच्या दारातल्या बाकावर. शेजारी बार्शीची एक बाई लेकीला घेऊन बसली होती. दोघींच्या पिशव्यांतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघाली आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग डॉक्टरांनीच इतर घरांना विचारून, त्यांच्या संमतीनं, नंबर जोडून दिले. आता मोजकी घरं आहेत. नाव नाही, नोंदणी नाही. पण कुठला हिंग शुद्ध, कुठल्या मसाल्यात पीठ मिसळतात, लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला आधी गाठून काय सांगायचं, हे आता विचारता येतं. चायनीजच्या गाडीवरचा भात तांदळाचा असला तरी त्यातल्या सोया सॉसमध्ये गहू असतो, हे तिथंच कळलं. भाचीनं आणि गावातल्या आणखी एका घरानं मिळून घरघंटी घेतली. तिच्यात गव्हाचा दाणा पडत नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा एवढंच दळायचं.

सासूबाईंना बदलवलं तेही याच घरांनी. बार्शीच्या मुलीची आजी त्यांच्याशी फोनवर तासभर बोलली. आम्ही, डॉक्टर, कागद, कुणीच जे करू शकलो नव्हतो ते एका आजीनं दुसऱ्या आजीला सांगितल्यावर झालं. आता सत्यनारायणाला त्या तांदळाच्या रव्याचा शिरा करतात, सगळ्यांसाठीच. होळीला पोराच्या वाटीत पुरण आणि दूध. आणि एकादशी तर त्याचा हक्काचा दिवस. गाव पंढरपूर तालुक्यातलं, त्यामुळे घरोघर उपास असतो. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा यांतल्या कशातच ग्लुटेन नाही. त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस तेच खातं जे तो खातो, आणि त्याला वेगळं ताट लागत नाही.

या घरांना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की मुलाला शंका वाटते तर गहू बंद करून बघू का? उत्तर आहे, आधी बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याच्या तुकड्याची तपासणी, दोन्ही चुकीची निर्धास्त उत्तरं देऊ शकतात. आधी डॉक्टरांना सांगून टीटीजी ही रक्ततपासणी करा, गहू खाणं चालू असतानाच. निदान पक्कं झालं तर आई-बाप आणि भावंडांचीही तपासणी करून घ्या, कारण हे घराण्यात चालतं. आमच्याकडे पोरामागोमाग भाचीचीही झाली. तिचा जुना अशक्तपणा कशाचा होता ते तेव्हा समजलं, आणि आता त्या घरात दोन माणसं एकाच पिठाची भाकरी खातात.