खेळाडूला बहर कधी येतो?

गगनबावड्यात आषाढाचा पाऊस एकदा लागला की मैदानावरचा खेळ थांबतो आणि खेळाविषयीची चर्चा सुरू होते. चहाच्या टपरीत, शाळेच्या व्हरांड्यात, एस.टी.ची वाट पाहता पाहता कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर झालेल्या फुटबॉल सामन्यांचा हिशेब पुन्हा मांडला जातो. पाटाकडील तालीम भारी की खंडोबा तालीम, या वादाला तर अंतच नाही. पण आणखी एक वाद असाच दर वर्षी निघतो. एखाद्या खेळाडूने तिशी गाठली की एक पक्ष म्हणतो, "संपला तो. आता काय राहिलंय त्याच्यात?" दुसरा पक्ष म्हणतो, "अरे, आत्ता कुठं त्याला खेळ कळाय लागलाय!" दोन्ही बाजूंचे आवाज चढतात, पाऊस उघडतो, मंडळी घरोघर जातात आणि प्रश्न तिथेच राहतो.

हा प्रश्न विज्ञानाच्या मासिकात कशासाठी, असे तुम्ही विचाराल. पण वाढ, वय, स्नायू, मेंदू हे सारे विज्ञानाचेच विषय आहेत. शिवाय या प्रश्नाच्या उत्तरावर तुमच्यापैकी काही जणांचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

'बहर' हा शब्द आपण वनस्पतींकडून उसना घेतला आहे. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी कारवी तुम्ही पाहिली असेल. ती साधारण सात वर्षे नुसती वाढत राहते, मग एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिचे घड्याळ तिच्या आतच असते. खेळाडूलाही असेच एक घड्याळ असते, अशी आपली समजूत असते. माझ्या मते वादाचे मूळ इथेच आहे. खेळाडूच्या शरीरात एक नव्हे, अनेक घड्याळे चालू असतात आणि ती एका वेगाने चालत नाहीत.

यांतले एक घड्याळ तुम्ही आजच मोजू शकता. तीस सेंटीमीटरची पट्टी घ्या. मित्राला ती वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमचा अंगठा आणि बोट उघडे ठेवा, पट्टीला स्पर्श करू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती चिमटीत पकडा. किती सेंटीमीटर घसरली ते पाहा. गुरुत्वाकर्षणाचा नियम लावला तर १५ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद, २० सेंटीमीटर म्हणजे ०.२० सेकंद आणि २५ सेंटीमीटर म्हणजे ०.२३ सेकंद. डोळ्याने पाहिले, मेंदूने आज्ञा दिली आणि बोटे मिटली, या साऱ्याला लागलेला हा वेळ. याला प्रतिसादकाल म्हणतात. एकाच प्रयत्नावर विसंबू नका. दहा वेळा करा आणि सरासरी काढा. मग हाच प्रयोग वडिलांवर करा, आजोबांवरही करा. वय वाढते तसा हा काल वाढत जातो, पण किती सावकाश वाढतो ते पाहून तुम्हाला नवल वाटेल. विशीतला तरुण आणि चाळिशीतला माणूस यांच्यात फरक असतो तो सेकंदाच्या काही शतांशांचा.

इतर घड्याळे जरा निष्ठुर आहेत. स्नायूंमध्ये वेगाने आकुंचन पावणारे आणि सावकाश आकुंचन पावणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात. वय वाढते तसे वेगवान तंतू अधिक झिजतात. म्हणून शंभर मीटर धावणारा पंचविशीच्या आसपास भरात असतो. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमताही तिशीनंतर दर दहा वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्याची घट त्याहून कमी असते, पण घट होतेच. टपरीवरच्या पहिल्या पक्षाचे म्हणणे इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. त्यातला ०.२ सेकंद नुसत्या प्रतिसादात गेला, तर बॅट फिरवायला उरते काय? मुरलेला फलंदाज चेंडूची वाटच पाहत नाही. गोलंदाजाचा खांदा, मनगट, शेवटचे पाऊल यांवरून तो आधीच अंदाज बांधतो. बुद्धिबळपटूंवरचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९७३ साली अमेरिकेतील चेस आणि सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातली मांडणी खेळाडूंना पाच सेकंद दाखवली आणि आठवून मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने ती बरीचशी बिनचूक मांडली, नवशिक्याला चार-पाच मोहरीच आठवली. मग त्यांनी मोहरी कशीही, अर्थ न लावता येईल अशी ठेवून दाखवली. तेव्हा निष्णात आणि नवशिका जवळजवळ सारखेच ठरले! निष्णाताची स्मरणशक्ती जादूची नव्हती. हजारो डाव खेळून त्याच्या डोक्यात आकृत्यांचा साठा झाला होता, इतकेच. हा साठा वर्षे घातल्याशिवाय होत नाही आणि तिशी उलटली म्हणून रिकामाही होत नाही.

म्हणून "उशिरा बहर येतो का?" असे नुसते विचारून भागत नाही. कोणत्या खेळात, कोणत्या जागी, आणि त्या जागेला कोणते घड्याळ लागते, हे आधी विचारले पाहिजे. फुटबॉलमध्ये कडेने धावत सुटणाऱ्याचे आणि मध्यफळीत उभे राहून चेंडू वाटणाऱ्याचे वय सारखे मोजून चालणार नाही. गोलरक्षकाचे तर नाहीच.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. गगनबावड्याशेजारच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. २०१२ पासून तो आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नेमबाजी करत होता. रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरीही होती. पण ऑलिंपिकची संधी मिळायला २०२४ साल उजाडले. त्याआधी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत हाताशी आलेले वैयक्तिक पदक केवळ ७.६ गुणांच्या एका नेमाने निसटले आणि तो चौथा आला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पात्रता फेरीत तो सातवा होता. अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक घेतले. तेव्हा त्याला एकोणतिसावे वर्ष संपायला पाचच दिवस उरले होते. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तिथे धावण्याचा वेग कामाचा नाही. श्वास रोखणे, हृदयाच्या दोन ठोक्यांमधली स्तब्धता साधणे आणि चुकलेला नेम विसरून पुढचा धरणे, हे लागते. नेमबाजीचे घड्याळ फार उदार आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी रौप्यपदक मिळवले तेव्हा ते ७२ वर्षांचे होते.

क्रिकेटमधले प्रवीण तांबे यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. मुंबईतल्या क्लबांच्या सामन्यांत त्यांची वर्षामागून वर्षे गेली. २०१३ साली राजस्थान रॉयल्सने त्यांना आय.पी.एल.मध्ये उतरवले तेव्हा ते ४१ वर्षांचे होते आणि प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी कोलकात्याविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. पण माझ्या दृष्टीने त्यांच्या गोष्टीतला खरा मुद्दा निराळाच आहे. ते सुरुवातीला मध्यमगती गोलंदाज होते आणि नंतर लेगस्पिनकडे वळले. म्हणजे वयाबरोबर उतरणाऱ्या कौशल्यावरून ते वयाबरोबर चढणाऱ्या कौशल्यावर आले. लेगस्पिनला मनगट आणि बोटे लागतात, आणि फलंदाजाच्या मनात काय चालले आहे ते ओळखावे लागते. या गोष्टी पंचविशीत उतरणीला लागत नाहीत.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यामुळे 'बहर' हा शब्दच मला खटकतो. पद्माकर शिवलकर हे मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले. सत्तेचाळीस वर्षांचे असतानाही ते मुंबईकडून खेळले. पण भारताकडून एकही कसोटी त्यांना खेळायला मिळाली नाही. कारण त्याच काळात त्याच पद्धतीची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी संघात होते आणि जागा एकच होती. शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये वारले. समजा, १९७५ च्या सुमारास बेदी निवृत्त झाले असते आणि पस्तिशीच्या शिवलकरांनी कसोटीत बळींची रास घातली असती, तर वर्तमानपत्रांनी काय लिहिले असते? 'उशिरा बहरलेला गोलंदाज!' वस्तुतः फूल केव्हाच उमलले होते. पाहणाऱ्यांना ते उशिरा दिसले असते, एवढेच.

अमेरिकेत हाच वाद क्वार्टरबॅकवरून चालतो. तिथला फुटबॉल आपल्यासारखा नाही. चेंडू लांबट असतो, हाताने फेकतात, आणि क्वार्टरबॅक हा संघाची चाल ठरवून चेंडू फेकणारा खेळाडू. धिप्पाड प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना दोन-तीन सेकंदांत कोण मोकळा आहे ते त्याने ओळखायचे असते. बुद्धिबळाच्या प्रयोगातल्या आकृत्या इथे धावत असतात म्हणा ना! कर्ट वॉर्नर नावाच्या क्वार्टरबॅकला १९९४ साली एका संघाने सरावातूनच घरी पाठवले. काही काळ त्याने किराणा मालाच्या दुकानात रात्रपाळीत फळ्यांवर माल रचला. १९९९ मध्ये सेंट लुईसच्या संघातील पहिल्या पसंतीच्या खेळाडूचा गुडघा दुखावला म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी वॉर्नरला जागा मिळाली. त्या हंगामात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ विजेता झाला. दुसऱ्याचा तो गुडघा दुखावला नसता तर वॉर्नरचे नाव मी इथे लिहिले नसते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की चिकाटी धरली की चाळिशीतही यश येतेच. तसे नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो. तांबे आपल्याला दिसतात, कारण ते यशस्वी झाले. त्यांच्याबरोबर त्याच मैदानांवर चाळिशीपर्यंत खेळलेल्या आणि कधीच बोलावणे न आलेल्या शेकडो जणांवर चित्रपट निघत नाही. फक्त जिंकलेल्यांकडे पाहून केलेला हिशेब नेहमी फुगलेला येतो. एका उदाहरणाने एखादी गोष्ट शक्य आहे एवढेच सिद्ध होते. ती किती वेळा घडते हे त्यावरून कळत नाही.

आणि आता तुमच्याविषयी. खेळाडू तिशीत संपला की नाही यावर मोठी माणसे भांडतात, पण खरी गफलत चौदाव्या वर्षी होते. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या आसपास. यात दोन वर्षे पुढेमागे होणे अगदी नेहमीचे आहे. म्हणजे आठवीच्या एकाच बाकावर शरीराने सोळा वर्षांचा आणि शरीराने बारा वर्षांचा असे दोघे बसलेले असू शकतात. त्यात वयोगटाची तारीख १ जानेवारी धरली, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठा, तरी दोघे एकाच गटात. १९८० च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी आइस हॉकीच्या निवडक संघांतील खेळाडूंचे जन्ममहिने तपासले. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी त्यांना आढळली. गुणवत्ता काही जानेवारी पाहून जन्माला येत नाही. निवडणाऱ्यांनी मोठ्या चणीलाच गुण समजले, त्यांना सराव दिला, आणि सरावाने ते खरोखरच पुढे गेले.

एखाद्या वाडीवरच्या मुलीला किंवा मुलाला तालुक्याच्या संघातून चौदाव्या वर्षी वगळले, तर तिथून कोल्हापूरचे मैदान पन्नासहून अधिक किलोमीटर दूर आहे. दुसऱ्यांदा पाहायला सहसा कोणी येत नाही. त्या मुलाचा बहर उशिरा आला नाही, तर तो यायच्या आत रोप उपटले गेले.

म्हणून शिक्षकांना एक सूचना कराविशी वाटते. तिला खर्च काही नाही. शाळेच्या संघाची यादी करताना निवडलेल्यांबरोबर न निवडलेल्यांचीही नावे लिहा. प्रत्येकापुढे जन्ममहिना आणि दर सहा महिन्यांची उंची नोंदवा. दोन वर्षांनी, उंची वाढायची थांबत आली की, त्याच यादीतल्या सगळ्यांची पुन्हा चाचणी घ्या. विद्यार्थ्यांनी या वर्षीच्या संघाचे जन्ममहिने मोजून त्यांचा स्तंभालेख काढावा आणि वर्गात लावावा. जानेवारी ते मार्च हे स्तंभ उंच आले, तर तो आलेख मुख्याध्यापकांनाही दाखवा.