कोसा, ऐन आणि आजोबांचा जबाब

पावसाळा तोंडावर आला की आरमोरीकडच्या ढिवर कुटुंबांचे डोळे माळा करून टांगलेल्या कोशांकडे लागतात. हिवाळा-उन्हाळा आत निजलेला जीव आता बाहेर पडणार असतो. तो तोंडावाटे रस सोडून कोशाचे टोक मऊ करतो आणि वाट काढतो. हाच टसरचा पतंग. मादी वीतभर, चारही पंखांवर आरशासारखे गोल.

या पतंगाला खाणे ठाऊक नाही, त्याचे तोंड त्या कामाचे नसते. थोड्या दिवसांचे आयुष्य. मीलन होते, मादी दीड-दोनशे अंडी घालते, संपते. आठ-दहा दिवसांनी अळ्या निघतात. आयुष्यभराचे खाणे त्याच खाऊन घेतात. ऐन नाहीतर अर्जुनाच्या पाल्यावर महिना-सव्वा महिना चरतात, चार वेळा कात टाकतात आणि फांदीला देठ बांधून कोष विणतात.

तुतीचा रेशीमकिडा घरात वाढतो. टसरची अळी उघड्या झाडावरच वाढवावी लागते. पाखरे, मुंग्या, गांधीलमाशा टपलेल्या असतात, म्हणून घरातले कोणीतरी दिवसभर रानात राखण करते. ऐन तुटला की अळीची भाकरी गेली आणि माणसाचीही.

मग या झाडावर हक्क कोणाचा? आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून कागदाचे सांगतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांच्या यादीत टसर आणि कोष ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. पण जे अनुसूचित जमातीत नाहीत, त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तेथे राहून जंगलावर पोट भरल्याचे दाखवावे लागते. ढिवर या अटीत येतात, तशी रानाच्या कडेला राहणारी आपली बौद्ध कुटुंबेही येतात.

जुना कागद नाही म्हणून पुष्कळजण हात टेकतात. बंधू-भगिनींनो, दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. मात्र तो एकटा पुरत नाही, जोडीला आणखी एक पुरावा हवा. दावा ग्रामसभेकडे द्यायचा असतो.

तेव्हा शिकलेल्या मुलामुलींनी वही घेऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. कोणत्या रानात कोसा धरत होतो, ऐन कोठे उभे होते, सारे लिहून सही-अंगठा घ्यावा. पतंग दर पावसाळ्यात परत येतो. सांगणारा म्हातारा येत नाही.