फावल्या वेळचे उद्योग : मेजावरील रणभूमि

दिवाळीचा किल्ला लहानपणीं बांधला नाहीं असा वाचक आपल्या मासिकाला क्वचितच असेल. दगडविटांवर गोणपाट पसरावें, चाळलेल्या मातीचा लेप द्यावा, हळीव पेरावे, आणि हिरवळ उगवली म्हणजे मावळे मांडावे, हा आपला परिपाठ. त्याच कलेची एक बहीण सांप्रत आमच्या घरीं नांदावयास आली आहे. माझा चौदा वर्षांचा नातू ‘वॉरगेम’ नांवाचा खेळ खेळतो. मेजावर चिमुकलीं सैन्यें मांडावयाचीं, पट्टीनें अंतरें मोजावयाचीं, फांसे टाकावयाचे आणि लढाईचा निकाल लावावयाचा, असा हा खेळ. त्यासाठीं लागणारे डोंगर, भिंती व झाडें हौशी खेळाडू स्वतःच करतात. तीं करण्याचीं साधनें कोणतीं, आणि एका सेवानिवृत्त मास्तरानें त्यांत काय घोटाळा करून ठेविला, हें आज सांगावयाचें आहे.

पोरखेळ म्हणून कोणी नाक मुरडूं नये. १८१२ सालीं रायस्विट्झ नांवाच्या गृहस्थानें प्रशियाच्या राजाला असेंच एक मेज करून दिलें होतें. त्यावर भूप्रदेशाचे सुटे चौरस हवे तसे जुळवितां येत. १८२४ सालीं त्याच्या मुलानें नियम सुधारून तो खेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं प्रसिद्ध केला. पुढें एच्. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून घरच्या फरशीवर खेळावयाची रीत सांगितली. त्याचीं घरें लांकडी ठोकळ्यांचीं आणि झाडें डहाळ्यांचीं असत.

पहिलें साधन बाजारांत मिळत नाहीं. तें म्हणजे प्रमाण. या खेळांतील सैनिक पुष्कळदां २८ मिलिमीटर उंचीचा असतो, म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारें साठावा भाग. त्या हिशेबानें दार ३५ मिलिमीटर उंच हवें. परंतु ६०० मीटर उंचीचा डोंगर त्याच प्रमाणानें केला, तर तो १० मीटरांचा, म्हणजे तीन मजली वाड्याएवढा होईल! म्हणून दार, पायरी, कुंपण अशा माणसाच्या वापरांतल्या वस्तु मापानें कराव्या, आणि डोंगर नजरेला पटेल इतपत करावा.

डोंगरासाठीं दोन जिन्नस आहेत. वेष्टणांतून येणारा पांढरा थर्मोकोल हलका व फुकटचा. पण कापतांना त्याचे मणी सुटतात. दुसरा एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनचा दाट तक्ता, छपराखालीं उष्णता अडविण्यासाठीं वापरतात तो. त्यावर दांतकोरण्यानें रेघ ओढली कीं चिऱ्यांचा सांधा उमटतो, आणि पोळ्या गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा दाबून फिरविला कीं दगडाचा खडबडीतपणा येतो. सुरी धारदार पाहिजे, आणि एका दमांत न कापतां तीनचार हलक्या हातांनीं कापावें. बोथट पात्यानें तक्ता फाटतो, आणि जोर केल्यास बोट कापतें. तापल्या तारेनें कापावयाचें झाल्यास उघड्या खिडकीपाशीं व मोठ्यांच्या देखत कापावें. तो धूर अपायकारक आहे. तान्हें मूल असलेल्या खोलींत तर तें यंत्र मुळींच नेऊं नये.

तळाला ३ मिलिमीटर जाडीचा एम्‌डीएफ्‌चा तुकडा बरा. पुठ्ठा घेतल्यास एका बाजूचा फेविकॉल वाळतांना आकसतो आणि पुठ्ठा पापडासारखा वळतो. म्हणून दोन्ही बाजूंस हात द्यावा. बाकीचें सामान स्वयंपाकघरांत व अंगणांतच सांपडतें. चाळलेली वाळू ही जमीन, धुऊन वाळविलेला चहाचा चोथा हा पालापाचोळा, नारळाचा काथ्या हे लव्हाळे, आणि हिरवा रंगविलेला लांकडाचा भुसा ही हिरवळ.

आतां माझा घोटाळा. नातवानें आठ दिवस खपून थर्मोकोलची एक टेंकडी कोरली होती. “अरे, ब्रशानें किती वेळ घोटीत बसणार?” असें म्हणून फाटकासाठीं आणलेला स्प्रेचा डबा मीं त्याच्या हातीं दिला. तो म्हणाला, “आजोबा, आधीं एका तुकड्यावर पाहूं या का?” मी म्हणालों, “रंग तो रंग. त्यांत पाहावयाचें काय?” बघतां बघतां टेंकडीला खळगे पडले, कडा वितळल्या आणि माथा खचला. अशा स्प्रेंतील द्रावक पॉलिस्टायरीनला विरघळवितें, हें मला ठाऊक नव्हतें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें डबा बंद केला आणि खालीं पसरलेलीं वर्तमानपत्रें गोळा केलीं. तें न बोलणें मला फार लागलें. जन्मभर वर्गांत “ताळा करून पाहा” असें बजावणारा मीच. आणि ताळा पाहूं म्हणणाऱ्या मुलाला मीच गप्प बसविलें होतें.

रात्रीं त्याच्याजवळ जाऊन ‘चूक माझी’ असें स्पष्ट म्हटलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही नवी टेंकडी कोरावयास बसलों. या खेपेस तो गुरु आणि मी शिष्य. त्यानें शिकविलेला क्रम असा: फेविकॉलमध्यें काळा ॲक्रिलिक रंग मिसळून सर्वांगाला जाड हात द्यावा, म्हणजे कवच तयार होतें. तें पुरतें वाळल्यावर करडा रंग द्यावा. शेवटीं फिकट रंगांत ब्रश बुडवून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसावा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. उजेड माथ्यावर बसतो, सांवली खांचेंत राहते. आणि प्रत्येक नवा रंग आधीं टाकाऊ तुकड्यावर!

घरांतील वडील मंडळींस माझें इतकेंच सांगणें आहे, कीं मुलांच्या उद्योगांत अवश्य हात घालावा; पण तो घालण्यापूर्वीं त्यांना विचारावें, आणि तीं जें सांगतील तें ऐकून घ्यावें. पुढील महिन्यांत तारेचीं झाडें कशीं वळावीं तें पाहूं. तीं वळण्यास मी अद्याप शिकतों आहें.