एंजिन बंद पडल्यावर

लहान खासगी विमान शेतांत अथवा मैदानांत उतरावें लागलें अशी वार्ता आली कीं लोक दोनच प्रश्न विचारतात: वैमानिक वांचला काय, आणि चूक कोणाची? पहिला प्रश्न माणुसकीचा आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र बहुधा घाईनें दिलें जातें.

ता. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर हे स्वतः चालवीत असलेलें विमान मॉन्टेरे उपसागरांत कोसळून त्यांचा अंत झाला. इंधन भरून घेण्यास त्यांनीं नकार दिला होता, हें खरें. परंतु एका टांकींतून दुसरीवर जाण्याची कळ विमान बांधणारानें वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें बसविली होती, आणि इंधनदर्शकावर खुणा नव्हत्या! मागें वळून कळ फिरवावयाची व त्याच क्षणीं विमानही सरळ ठेवावयाचें, अशी कसरत करावयास लावणारी रचना निर्दोष कशी म्हणावी? चौकशी मंडळानेंही तिजवर ठपका ठेवला.

ता. ५ मार्च २०१५ रोजीं नट हॅरिसन फोर्ड यांच्या जुन्या विमानाचें एंजिन सांता मोनिकाहून उडतांच थंडावलें. धांवपट्टी गांठवत नाहीं असें दिसतांच त्यांनीं तिचा मोह सोडून गोल्फचें मैदान धरलें; ते जखमी झाले, पण वांचले. कार्ब्युरेटरमधील इंधनाचें माप राखणारी एक लहान तोटी सैल झाली होती. खांद्याचा पट्टाही नीट बसविलेला नव्हता, त्यामुळें इजा वाढली.

शांत हवेंत एक हजार फुटांवरून सेस्ना १७२ एंजिनावांचून सुमारें दीड सागरी मैल तरंगत जाते. तेवढ्यांत मागें वळण्याचा हट्ट धरल्यास उंची खर्ची पडते, आणि वेग राखला नाहीं तर विमान हातचें जातें. म्हणून समोरचें मोकळें रान पत्करण्याची संवय शिक्षकासमवेत वरचेवर घटविली पाहिजे. परवाना मिळाला म्हणजे शिक्षण संपलें, ही समजूत आमच्या मतें घातक आहे.

वखारींतील माल केवळ वहीवरून न मानतां स्वतः पाहून येणारा व्यापारी आम्हांस परिचित आहे. विमानाच्या मालकानेंही कांट्यावर न विसंबतां टांकींत मोजपट्टी घालून पाहावी, दमट हवेंत कार्ब्युरेटरांत बर्फ धरतें हें उन्हाळ्यांतही विसरूं नये, आणि वार्षिक तपासणींत जुन्या कार्ब्युरेटरची तोटी व आसनाचे पट्टे स्वतः उभें राहून तपासवून घ्यावे.