हातवाऱ्यानं विमा मिळत नाही

2022 च्या अखेरीस धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक बैठक झाली. विषय होता 2020 च्या खरिपाचा पीक विमा. समोरासमोर होते खासदार ओमराजे निंबाळकर आणि तुळजापूरचे आमदार राणाजगजितसिंह पाटील. त्या बैठकीत विम्याचं काय ठरलं, हे आमच्या गावात कुणालाही विचारा, सांगता येणार नाही. पण एकाच्या तोंडून 'बाळ' निघालं आणि दुसऱ्याच्या तोंडून 'औकात', हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. कॅमेरे चालू होते. संध्याकाळपर्यंत ती क्लिप गावोगाव पोचली.

मी ती चहाच्या हॉटेलात पाहिली. पोरानं मोबाईल टेबलावर स्टीलच्या ग्लासाला टेकवून उभा केला आणि क्लिप पाच-सहा वेळा लावली. आवाज कुणाचा चढला, नजर कुणाची पडली, यावर बघता बघता दोन तट पडले. एक जण तर उठून छाती काढून उभा राहिला आणि आपला माणूस कसा बोलला ते करून दाखवू लागला. तिथं बसलेल्या प्रत्येकाचं सोयाबीन 2020 च्या परतीच्या पावसात भिजून कुजलं होतं. तरी हेक्टरी किती आणि कधी, हा प्रश्न त्या टेबलावर कुणीच काढला नाही. मीही काढला नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

क्लिपमध्ये अरे-तुरे होतं. मराठीत 'तू' म्हणजे अपमान, असं मुळीच नाही. आपण आईला 'तू' म्हणतो, तुळजाभवानीला 'तू'च म्हणतो. 'बाळ' हा तर घरातला सगळ्यात मऊ शब्द. पण लोकांनी निवडून दिलेली दोन माणसं सरकारी टेबलावर एकमेकांना अरे-तुरे करू लागली, की त्या शब्दाचा शड्डू होतो. तो मांडीवर न मारता तोंडानं मारलेला असतो, एवढाच फरक. त्या क्षणी विषय विम्याचा राहत नाही, उंचीचा होतो. मोठा कोण, धाकटा कोण, घराणं कुणाचं, वैर कुठलं. आणि ज्यांनी उत्तर द्यायचं असतं, ते सगळे सुटतात. विमा कंपनी सुटते, कृषी खातं सुटतं, मंत्रालय सुटतं. तावातावाच्या भांडणाचा फायदा भांडणाऱ्या दोघांना होवो न होवो, ज्याला जाब विचारायचा होता त्याला हमखास होतो.

आता त्याच विम्याची दुसरी बाजू सांगतो. पावसानंतर माझे चुलते, आप्पा, एका कार्यालयाच्या खिडकीशी उभे होते. मी सोबत होतो. त्यांनी पंचाच्या गाठीतून सोयाबीनच्या शेंगा काढून फळीवर ठेवल्या. शेंगा काळ्या पडलेल्या, आतल्या दाण्याला बोटभर कोंब. "सायेब, हे बगा की. उभ्या पिकाला मोड आलेत." पलीकडून प्रश्न आला, "तक्रार कधी केली? क्रमांक सांगा." आप्पांनी पुन्हा शेंगाच पुढं सरकवल्या. त्यांच्याकडं तेवढाच पुरावा होता. बोटांना चिखल होता, हात थरथरत होता, डोळे भरले होते. देहबोली म्हणतात ती हीच असेल, तर त्याहून खरी देहबोली मी आयुष्यात पाहिली नाही. ती चालली नाही. नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत कळवायला हवं होतं. ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या शब्दांत.

ही एकट्या आप्पांची कथा नाही. 72 तासांत कळवलं नाही, याच कारणावरून जिल्ह्यातल्या लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. प्रकरण कोर्टात गेलं. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठं कोंडी फुटायला सुरुवात झाली. पुढं वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हे सगळं कशानं घडलं? अर्जानं, आकड्यानं, युक्तिवादानं. कोर्टात कुणी मिशीला पीळ दिला म्हणून निकाल लागला नाही.

माझा सगळा राग इथं आहे. शेतकऱ्याकडून शब्द मागितलात, तोही 72 तासांत. पुढाऱ्याकडून मात्र हातवारे चालवून घेता, तेही पाच-पाच वर्षं.

निवडणूक आली की चॅनेलवाले चौकात सतरंजी टाकून चर्चा लावतात. हातात माईक घेतलेला निवेदक स्वतःच बाह्या सरसावतो. एखादी बाई पाण्याच्या टँकरचं विचारू लागते, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून घोषणा सुरू होतात, आणि कॅमेरा बाईला सोडून घोषणेकडं वळतो. कारण घोषणेत उगारलेले हात असतात आणि बाईच्या प्रश्नात नुसता प्रश्न असतो. त्या कॅमेऱ्याच्या वळण्याला मी पत्रकारिता म्हणणार नाही.

वर या सगळ्याला शास्त्राचा शेंदूर फासणारे आहेत. नेतृत्व विकासाच्या शिबिरांत होतकरू उमेदवारांना सांगतात की संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55. मी स्वतः असं एक शिबिर ऐकलं आहे. पोरं वहीत उतरवून घेत होती. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या प्रयोगांतले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती. शब्द एक सांगतो आणि सूर-चेहरा दुसरंच सांगतो, तेव्हा बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही याचा अंदाज माणूस कशावरून बांधतो, एवढीच तपासणी होती. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे सूत्र लावू नका, असं मेहराबियन यांनीच बजावून ठेवलं आहे. विम्याचा हप्ता, कालव्याचं पाणी, शाळेतली रिकामी पदं यांना ते लागू नाही. ज्याला शब्दांचा वाटा 7 टक्केच ठेवायचा आहे, त्याला उरलेल्या 93 टक्क्यांत लपायचं आहे.

हालचालीला किंमतच नाही, असं मी म्हणत नाही. सप्टेंबर 2025 च्या पुरात परांडा तालुक्यात ओमराजे बचाव पथकाबरोबर पाण्यात उतरले. पाण्यात उतरणं ही कृती होती, तिचा मान ठेवलाच पाहिजे. त्याच पुरात मदतीच्या साहित्यावर एकनाथ शिंदे आणि पालकमंत्री प्रताप सरनाईक यांचे फोटो छापून आले. चूल वाहून गेलेल्या माणसाच्या हातात पीठ ठेवताना आपला चेहरा पुढं करणं, हीसुद्धा न बोलता बोललेली भाषाच, आणि ती निलाजरी आहे. पुढाऱ्यांच्या पूरदौऱ्यांच्या त्याच दिवसांत कर्जमाफीचं विचारणाऱ्या माणसाला, तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांकडून, यालाच मुख्यमंत्री करा, असं ऐकून घ्यावं लागलं. प्रश्न सरळ होता. हो म्हणायचं होतं, नाही म्हणायचं होतं, किंवा तारीख सांगायची होती. पूर ओसरला की पंचनामा सुरू होतो, आणि पंचनाम्यात ना कुणाची छाती लिहिली जाते, ना कुणाचा फोटो.

हा जिल्हा मुका नव्हता. शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील इथलेच, विधानसभेत विरोधी पक्षनेते झालेले. 2020 च्या जानेवारीत 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथं भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली. तेव्हा संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचं नाव दिलं होतं. भाषेचा एवढा मोठा मांडव घातलेल्या गावात लोकप्रतिनिधींची चर्चा 'औकात' या शब्दावर येऊन थांबावी, याचं मला दुःख आहे.

म्हणून माझं मागणं लोकांकडं आहे. पुढारी समोर आला की तीन गोष्टी विचारा: किती, कधी आणि जबाबदार कोण. त्यानं विरोधकाच्या बापाचं नाव घेतलं, तर पुन्हा तेच तीन प्रश्न विचारा. तो टेबलावर मूठ आपटेल, गहिवरेल, तुमच्या खांद्यावर हात ठेवेल. हात राहू द्या, प्रश्न खाली ठेवू नका.

तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटी मारून कोणतं मडकं कच्चं आणि कोणतं पक्कं ते सांगितलं, ही कथा आपल्याकडं लहानपणीच ऐकवतात. खुद्द नामदेवांनाही त्यांनी सोडलं नाही. कुंभार मडक्याचा रंग बघत नाही, घाट बघून भुलत नाही. थापटतो आणि कान देतो. थापटी तुमच्या हातात आहे. मारा, आणि आवाज ऐका.